वय 'चोरणं' की 'लपवणं'?

खटपट्या: हिंदी कथेचं भाषांतर करतोय. मिसरूड फुटू घातलेल्या मुलाचं आई बसमध्ये अर्धं तिकीट मागते. मी लिहिलं, 'आईने त्याचं वय चोरलं.' संपादकबाईंनी काट मारून 'लपवलं' केलं. म्हणे, वय चोरणं म्हणजे वयापेक्षा तरुण दिसणं. आमची आजी तर म्हणायची, 'मास्तरांनी १ जून टाकून पोराची दोन वर्षं चोरली.' कोण बरोबर?

पारावरचा: बाई बरोबर. 'साठीची आहे, पण वय चोरलंय हो!' ही तारीफ आहे.

माजघर: एसटीत ५ ते १२ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. आमच्या आईने माझं अकरावं वर्ष तीन उन्हाळे चालवलं. कंडक्टर आला की मी पाय पोटाशी घेऊन बसायचं आणि 'पाचवी' म्हणायचं. एकदा तोंडातून 'आठवी' निघालं. त्याने आईकडे बघितलं, मुकाट्याने अर्धंच तिकीट फाडलं. घरी आल्यावर खरं बोलल्याबद्दल मला धपाटा! आणि याच बाईने भाजीवाल्याचे जास्तीचे आलेले आठ आणे परत द्यायला मला भर उन्हात पिटाळलं होतं. अर्ध्या तिकिटाला ती 'तिकीट वाचवणं' म्हणायची.

धातुसाधित: नाव बदलून चोरी बदलत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'चुर स्तेये' (चुर म्हणजे चोरणं) आहे, दहाव्या गणाला चुरादि म्हणतात ते यावरूनच. योगसूत्रांत सत्य आणि अस्तेय (चोरी न करणं) हे दोन वेगळे यम, म्हणजे पाळायचे नियम. वय खोटं सांगितलं की पहिला मोडला, भाडं बुडवलं की दुसरा. मातोश्रींनी दोन्ही मोडले.

माजघर: शब्दाबद्दल बोला. आईवर जाऊ नका.

पारावरचा: शास्त्रीबुवा, मग 'अंग चोरणं' कुठे बसवता? तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा द्यायला अंग चोरलं तर माणुसकी, भातलावणीला चोरलं तर कामचुकारपणा.

धातुसाधित: ती लक्षणा, शब्दाचा मूळ अर्थ सोडून घेतलेला अर्थ. चार लोक बोलतात म्हणून प्रयोग शुद्ध ठरत नाही.

पारावरचा: 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी', शास्त्रापेक्षा रूढी बलवान. तुमच्याच संस्कृतातलं आहे.

खटपट्या: मंडळी, चोरलं की लपवलं? उद्या मजकूर द्यायचाय.

गोठ्यातून: आमची म्हैस पान्हा चोरते. धारेला बसलं की अर्ध्या चरवीवर दूध अडवते, रेडकू लावलं की लगेच सोडते. वडील तिला चोरटी म्हणतात.

माजघर: रेडकासाठी ठेवते ना? मग चोरटी कशी?

गोठ्यातून: डेअरीवर माप कमी भरलं की चोरटीच की ताई! आजी मात्र 'पान्हा आखडते' म्हणायची.

धातुसाधित: पान्हा हा 'प्रस्नव'वरून. 'आखडणे'साठी वेगळा धागा काढा, त्याची व्युत्पत्ती भानगडीची आहे.

पारावरचा: काढा काढा. 'हात आखडता घेणे' माझ्याकडे तयार आहे.