मदत हवी आहे: भावाच्या दुखण्याच्या गोळ्या सुटत नाहीयेत, कुलपात ठेवू का?

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही अशा विषयावर, तेव्हा सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३४. चौदा महिन्यांपूर्वी कमरेच्या डिस्कचं ऑपरेशन झालं. ते व्यवस्थित झालं, त्याबद्दल तक्रार नाही. घरी सोडताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली होती. पाच दिवस, दिवसाला तीन, आणि त्यानंतर "दुखलं तरच". या "दुखलं तरच"नं सगळा घोळ केला. कारण दुखतं की नाही हे ठरवणारा तोच, आणि गोळी घेणाराही तोच.

गेल्या रविवारी त्याचं कपाट आवरताना टॉवेलांच्या मागे रिकाम्या स्ट्रिप्स मिळाल्या. दहा-दहा गोळ्यांच्या एकतीस. चार आठवड्यांपूर्वी मीच तो खण पुसला होता, तेव्हा तिथे काही नव्हतं. म्हणजे दिवसाला अकरा गोळ्या! मी दोनदा मोजल्या, वाटलं माझंच चुकतंय.

विचारल्यावर आधी चिडला, मग रडला. जुन्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवून वेगवेगळ्या केमिस्टकडून आणतो म्हणाला. मध्यंतरी एकदा स्वतःहून बंद केल्या होत्या. त्याच रात्री नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, घाम, अंगावर काटा, जुलाब आणि पाय एका जागी ठरेनात. कंबर तर पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी परत सुरू केल्या. "बघ ताई, दुखणं गेलेलंच नाहीये," हे त्याचं म्हणणं.

झोप लागत नाही म्हणून रात्री आईच्या डब्यातली अल्प्राझोलामही घेतो, हे काल कळलं. डोकं दुखलं की वर पॅरासिटामॉल ६५०, कधी एक, कधी दोन.

तो रोज कामावर जातो, दारूला शिवत नाही. याला व्यसन म्हणायचं का? आई म्हणते सगळ्या गोळ्या कुलपात ठेव. ठेवू का? आणि दाखवायचं कोणाला, हाडांच्या डॉक्टरांना की मानसोपचारतज्ज्ञांना? दुसरं नाव काढलं की तो उठून जातो.

रानवारा: आईचं बरोबर आहे. किल्ली तुमच्याकडे ठेवा. चार दिवस तडफडेल, पाचव्या दिवशी ठीक होईल. आमच्या ओळखीत एकानं तंबाखू अशीच सोडली. शेवटी मनाचा निग्रह महत्त्वाचा.

भूलथाप: रानवारा, तंबाखूचा न्याय इथे लावू नका. ताई, कृपा करून कुलूप लावू नका.

मी भूलतज्ज्ञ आहे (आयडी त्यावरूनच). रुग्ण न तपासता डोस सांगणार नाही, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांचा हिशोब करून दाखवतो. या गोळीत साधारणपणे ३७.५ मिग्रॅ ट्रामाडॉल आणि ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. स्ट्रिपवर पाहून खात्री करा. तसं असेल तर दिवसाची कमाल मर्यादा आठ गोळ्या. अकरा गोळ्या म्हणजे ट्रामाडॉल ४१२ मिग्रॅच्या वर. ४०० च्या पुढे फिट येण्याचा धोका चांगलाच वाढतो, काहींना त्याआधीही येते. त्यामुळे तूर्त त्याला गाडी चालवू देऊ नका. पॅरासिटामॉल झालं ३५७५. डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या त्या दिवशी ४८७५. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४०००. सगळ्यांचं लक्ष ट्रामाडॉलकडे जातं आणि यकृताचं नुकसान करणारं हे दुसरं औषध निमूट पोटात जात राहतं. सुरुवातीला काही जाणवतही नाही. डोकेदुखीच्या गोळ्या आजपासून बंद, आणि यकृताची रक्ततपासणी उद्याच करा.

दुसरी भीती अल्प्राझोलामची. ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं वेदनाशामक, ट्रामाडॉल त्यातलंच) आणि झोपेची गोळी दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र घेतल्यावर जास्तच. मात्र तीही रोजची असेल तर परस्पर बंद करू नका, त्यानंही फिट येऊ शकते. रात्री तो हलवून जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालत असेल, ओठ निळसर दिसले, तर "झोपू दे" म्हणत बसू नका. लगेच रुग्णवाहिका. सोबत स्ट्रिप न्या आणि काय-काय घेतलंय ते सांगा, म्हणजे नॅलोक्सोन (ओपिऑइडवरचा उतारा) द्यायचं का ते त्यांना ठरवता येईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बंद केल्यावर नाक वाहणं, काटा येणं, जुलाब, हे शरीराचं अवलंबित्व. काही आठवडे रोज ही औषधं घेतली तर तुम्हाआम्हाला कुणालाही होईल, त्यात चारित्र्याचा संबंध नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात आवरत नाही ती अवस्था. टॉवेलामागच्या स्ट्रिप्स आणि चिठ्ठीचा फोटो पाहता तो त्या वाटेवर बराच पुढे गेलाय. हे मी गोड करून सांगणार नाही.

आणि कंबर जास्त दुखली म्हणून दुखणं गेलेलं नाही, असं लगेच धरू नका. औषध उतरताना अंग दुखतंच. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यानं मज्जासंस्था उलट जास्त हळवी होऊ शकते. म्हणजे गोळीच दुखणं वाढवते आणि गोळीच ते तात्पुरतं मिटवते. ट्रामाडॉल सेरोटोनिनवरही काम करतं, त्यामुळे सोडताना काहींना भयंकर अस्वस्थता येते.

अचानक तोडण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये मुद्दाम इशारा दिला होता: तीव्र त्रास, अनावर वेदना, आत्महत्येचे विचार. तिथल्याच रोगनियंत्रण संस्थेच्या (सीडीसी) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षभराहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला १० टक्के किंवा त्याहून सावकाश डोस उतरवणं सुचवलंय. तुमच्या भावाचा वरचा डोस मर्यादेबाहेर आहे, तेव्हा पहिली पायरी कशी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. नुसतं उतरवून जमलं नाही तर जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन असतं. ओपिऑइड मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं त्या जागेवर (रिसेप्टरवर) ते घट्ट बसतं पण अर्धवटच काम करतं, त्यामुळे तलफ शमते आणि श्वास दबण्याचा धोका तुलनेनं कमी राहतो. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचे डॉक्टर देतात. सोबत पेन क्लिनिक.

पायवाट: मी त्याच्या जागी होतो. गुडघ्याचं निमित्त, गोळी दुसरी, गोष्ट तीच. बायकोनं गोळ्या फेकल्या, मी दुसऱ्या दिवशी नव्या आणल्या आणि जास्त चांगल्या जागी लपवल्या. पोलिसगिरीनं एवढंच साधलं.

फरक पडला तो डॉक्टरांसमोर खरा आकडा बोललो तेव्हा. त्याआधी तीन वेळा "चार-पाच घेतो" असं सांगितलं होतं, आणि तेवढ्याच हिशोबानं कमी केलेला डोस दुसऱ्या दिवशीच असह्य व्हायचा. त्याला सांगा, आकडा कमी करून सांगितला तर त्रास त्यालाच. मला उतरायला सात महिने लागले. शेवटची अर्धी गोळी सगळ्यात चिवट निघाली! झोप नीट यायला त्यानंतरही वेळ लागला.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. काही आठवडे सुटल्यावर पुन्हा मोह झाला आणि जुना डोस एकदम घेतला, तर तो झेपत नाही. अंगाची सवय गेलेली असते. लोक तिथे दगावतात.

आणि "मानसोपचार" शब्दावर अडला असेल तर दुखण्याच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. दार कुठलं का असेना.

रानवारा: माझा प्रतिसाद मागे घेतो. अर्धवट माहितीवर बोललो.

(धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. भूलथाप, तुमचा हिशोब छापून त्याच्यापुढे ठेवला. ट्रामाडॉलची ओळ त्यानं नुसती वाचली, पण यकृताचं वाचून गप्प झाला. त्याला वाटत होतं पॅरासिटामॉल म्हणजे लहान मुलांना देतात ते, त्यानं काय होणार.

आज सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट संध्याकाळी. पेन क्लिनिकची वेळ गुरुवारची मिळालीये आणि त्यांनी फोनवर सांगितलं की तोपर्यंत दिवसाला आठच्या वर जायचं नाही, पण बंदही करायच्या नाहीत. आईच्या गोळ्यांबद्दलही विचारलं, त्या आणा म्हणाले. गोळ्या त्यानं स्वतःच आणून टेबलावर ठेवल्यात. कुलूप नाही. रोज रात्री तो वहीत आकडा लिहितो, मी फक्त तारीख घालते. काल नऊ होता. आठ सांगता आला असता त्याला, पण नऊच लिहिला. पायवाट, तुमचा प्रतिसाद त्यानं दोनदा वाचला.

गुरुवारनंतर इथेच लिहीन.