रिलीज तारखेला काढायचं की तयार झाल्यावर? (बिझीबॉक्स, बिल्डरूट आणि आपली चिमुकली यंत्रं)

सोल्डरबाई

आमच्याकडे पाण्याच्या मीटरचे गेटवे (मीटरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या पेट्या) बनतात. आत एक स्वस्तातली चिप, १६ एमबी फ्लॅश, त्यावर लिनक्स, आणि एलएस, कॅट, ऑक, व्हीआय या छोट्या आदेशांपासून नेटवर्कचा पत्ता मिळवणाऱ्या डीएचसीपीपर्यंत सगळा संसार चालवायला एकटं बिझीबॉक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही एकच फाइल असते. तिला ज्या नावाने हाक मारावी तो आदेश ती होते. १९९५च्या सुमाराला ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्सचं इन्स्टॉलेशन एका फ्लॉपीत बसवायला ही युक्ती केली. आज राउटर, कॅमेरे, सेट-टॉप बॉक्स, कुठेही पाहा, आत हेच.

तर वाद असा झाला. नवीन गेटवेसाठी कोणतं व्हर्शन घ्यायचं? बिझीबॉक्सच्या पद्धतीत शेवटी शून्य असलेलं रिलीज 'अनस्टेबल', नंतरचं एक 'स्टेबल'. १.३६.० आलं जानेवारी २०२३मध्ये, १.३६.१ मे २०२३मध्ये. पुढचं १.३७.० थेट सप्टेंबर २०२४मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी, आणि तेही 'अनस्टेबल'. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३मध्ये, ऑकमधले काही दोष सीव्हीई (सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीतल्या) क्रमांकांसह जाहीर झाले. अल्पाइनसारख्या लिनक्सवाल्यांनी पॅच (दुरुस्तीचे तुकडे) लावून घेतले. आम्हीही हातानेच लावले. मॅनेजर विचारतात, "पुढचं स्टेबल कधी?" मी काय सांगू? वरचे देव जाणे?

उलट बिल्डरूट बघा, छोट्या यंत्रांसाठी अख्खं लिनक्स बांधून देणारं साधन. २००९.०२पासून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असं पंचांगासारखं चाललंय. शेवटचा महिना नवीन काही घेत नाहीत, फक्त आरसी (रिलीजआधीची चाचणीची प्रत) काढून चुका निपटतात. जे राहिलं ते पुढच्या तिमाहीला. पूर्वी तिथेही रिलीज नावाचा प्रकार नव्हता, ज्याला हवं त्याने त्या दिवशीचा स्नॅपशॉट उचलायचा. पीटर कोर्सगार्ड यांनी सूत्रं घेतल्यावर शिस्त आली.

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या यंत्रांची टूलकिटं तारखेवरच निघायला हवीत. फोनचं अ‍ॅप उद्या पुन्हा सोडता येतं. जमिनीखालच्या चेंबरमधला गेटवे उघडायला माणूस पाठवावा लागतो.

जुना खोंड

ताई, राग मानू नका, पण 'निघायला हवीत' हे तुम्ही नक्की कोणाला सांगताय?

सात वर्षं मी एक टूलकिट सांभाळलं. मायक्रोकंट्रोलर बोर्ड फ्लॅश करायचं, सिरियलवरून लॉग घ्यायचे, एवढंच. नोकरी वेगळी, हे रात्री. लोकांना वाटतं रिलीज म्हणजे टॅग (कोडवर आवृत्तीचा शिक्का) मारला की झालं. तो टॅग मारायच्या आधी काय असतं ते सांगतो. तीन जुने बोर्ड कपाटातून काढायचे, त्यातल्या एकाची केबल सापडत नाही. एआरएमवर बिल्ड होतं, बिग-एंडियन मिप्सवर (बाइटांचा क्रम उलटा असलेल्या चिपवर) टेस्ट फुटते, कारण कोणीतरी चार बाइट सरळ इंटिजरमध्ये कोंबलेत. ते निस्तरलं की चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याची यादी. चेंजलॉग लिहिताना लक्षात येतं की कमांडलाइनचा एक पर्याय कोणालाही न विचारता बदललाय. मग तो परत जुना करायचा. रात्रीचे दोन. सकाळी मेल: "किंडली कन्फर्म ईटीए." खाली सही, हुद्दा, कंपनीचा लोगो. पाच वर्षांत त्या कंपनीकडून एक पॅच नाही, एक बोर्ड नाही, चहासुद्धा नाही.

तारखेचा फायदा कोणाला? ज्याला प्लॅनिंग करायचंय त्याला. तारखेचा भार कोणावर? जो फुकट राबतो त्याच्यावर. आणि बिल्डरूटचं उदाहरण इथे लागू होत नाही. बिल्डरूट दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर गोळा करून बांधणारं आहे. एखादं पॅकेज या खेपेला बसलं नाही तर जुनं राहू द्यायचं, बाकी गाडी सुटते. शिवाय त्यांच्याकडे रात्रंदिवस वाटेल त्या कॉन्फिगरेशनची बिल्डं पाडून बघणारी यंत्रं आहेत. बिझीबॉक्समध्ये प्रत्यक्ष कोड लिहिला जातो, आणि तोही बाइट मोजून. कमिटखाली (कोडात नोंदवलेल्या बदलाखाली) ब्लोट-ओ-मीटरचा तक्ता असतो, या फंक्शनचे अमुक बाइट वाढले, त्याचे तमुक घटले. असं काम तिमाहीच्या घड्याळावर होत नसतं. डेनिस व्लासेन्को २००६च्या अखेरीपासून ते सांभाळतायत. कोणी त्यांच्या मानेवर तारखेचं जू ठेवलं नाही म्हणूनच ते टिकले, असं मला वाटतं.

सोल्डरबाई

खोंडसाहेब, राग नाही. पण तुम्ही कोडबद्दल बोलताय, मी निरोपाबद्दल. तारीख नसली की प्रकल्प झोपलाय की गेलाय हेच बाहेरच्याला कळत नाही.

यूसीलिबसीचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. छोट्या लिनक्ससाठी सी लायब्ररी (बाकी प्रोग्रामांचा पाया) म्हटली की एकेकाळी तीच. शेवटचं रिलीज ०.९.३३.२, मे २०१२. रिपॉझिटरीत कमिट येत होते, रिलीज मात्र नाही. मग प्रत्येकाच्या घरी पॅचेसची वेगळी चळत, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. दोन वर्षं वाट बघून २०१४मध्ये वाल्डेमार ब्रोडकॉर्ब यांनी यूसीलिबसी-एनजी नावाने वेगळी चूल मांडली. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या लिनक्सने तोवर कंटाळून मसल या दुसऱ्या सी लायब्ररीची वाट धरली, २०१५मध्ये. कोड वाईट नव्हता. टॅग कोणी मारत नव्हतं एवढंच.

ओपनडब्ल्यूआरटीचं स्वतःचंही तेच. २०१६मध्ये त्यांच्यातलेच बरेच जण बाहेर पडून एलईडीई नावाचा वेगळा प्रकल्प काढून बसले. कारणांत एक हेही होतं, कारभार बंद दाराआड आणि रिलीजचा पत्ता नाही. २०१८च्या जानेवारीत दोन्ही घरं परत एक झाली.

आळशी उंट

मी फक्त वाचनमात्र असतो, पण "बाहेरच्याला कळत नाही" वाचून राहवलं नाही.

एक्सझेड आठवा, ते फाइल दाबून लहान करणारं साधन. २०२२मध्ये त्या एकट्या मेंटेनरला (सांभाळणाऱ्याला) मेलिंग लिस्टवर अनोळखी नावांनी टोचणं सुरू झालं. पॅच पडून आहेत, रिलीज कुठाय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. माणूस आधीच थकलेला. त्याने मदतीला आलेल्याच्या हाती किल्ल्या दिल्या. त्या मदतनिसाने २०२४मध्ये ५.६.० आणि ५.६.१मध्ये चोरदरवाजा घातला. आणि घातला कुठे? कळीचा तुकडा गिटमध्ये (कोडच्या उघड नोंदवहीत) नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठ्यात) होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रावरचं एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं म्हणून सापडला, नाहीतर आपण सगळे झोपलेलो.

म्हणून माझं म्हणणं वेगळंच. रिलीज कधी काढता याच्याआधी ते कशातून काढता हे बघा. गिटमधल्या टॅगवरून कोणालाही तोच टारबॉल बाइट-न्-बाइट बनवता आला पाहिजे. ते जमलं तर तारीख चार महिने हुकली तरी बिघडत नाही, ज्याला घाई आहे त्याने स्वतः टॅगवरून बांधावं.

बारामतीकर

तुम्ही सगळे आभाळातलं बोलताय राव. खाली या.

मी ठिबकचे कंट्रोलर बसवतो. २०२१मध्ये घेतलेल्या बोर्डाबरोबर चिपवाल्याचा एसडीके (सॉफ्टवेअरचा संच) आला. कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१०, बिझीबॉक्स १.२२. म्हणजे बोर्ड नवा आणि आतलं सामान २०१३-१४चं. मी विचारलं नवीन देता का, तर म्हणाले वायफायचा ड्रायव्हर फक्त याच कर्नलवर चालतो. ड्रायव्हर बंद ब्लॉब, सोर्स नाही. झालं. बिझीबॉक्स तिमाहीला निघो नाहीतर दर गुरुवारी, माझ्या पंपाला त्याचं सोयरसुतक नाही.

जुना खोंड

बारामतीकर, बिझीबॉक्स तरी तुम्हाला बदलता येईल. ते कर्नलला चिकटलेलं नसतं. एसडीकेचा टूलचेन (कोड बांधायची हत्यारं) घेऊन १.३६.१ स्टॅटिक, म्हणजे सगळं एकाच फाइलीत, बांधा आणि बघा. बहुतेक चालेल.

बारामतीकर

बहुतेक? चारशे कंट्रोलर रानात आहेत. एक ब्रिक झाला (बंद पडून नुसती वीट झाला) तर मोटारसायकलवर मीच जाणार. तुम्ही येणार का?

निमा

धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करायचा नाही, पण परवान्याबद्दल कोणीच का बोलत नाही? बारामतीकरांना सोर्स मागायचा हक्क आहे. बिझीबॉक्स जीपीएल २ परवान्यावर आहे (वाटलं तर सोर्सही द्यायचा), कर्नलही. २००७पासून अमेरिकेत यावरून खटले झाले, पहिला मॉन्सून मल्टिमीडियावर. डिसेंबर २००९मध्ये तर एकदम चौदा कंपन्यांवर, त्यात बेस्ट बाय आणि सॅमसंगही. मेंटेनरच्या हातात तेवढं एकच हत्यार आहे.

आळशी उंट

आणि निष्पन्न काय? त्या खटल्यांतले एक वादी रॉब लँडली. नंतर त्यांनीच जाहीर सांगितलं की एवढ्या खटल्यांतून बिझीबॉक्सच्या रिपॉझिटरीत एक ओळसुद्धा आल्याचं त्यांना माहीत नाही. पुढे त्यांनी टॉयबॉक्स हे बिझीबॉक्ससारखंच साधन हाती घेतलं, जवळजवळ काहीच अट नसलेल्या परवान्यावर, आणि २०१५च्या अँड्रॉइड ६पासून ते घराघरात गेलं.

निमा

बिझीबॉक्समध्ये ओळ आली नसेल. पण २००३मध्ये लिंकसिसला त्यांच्या निळ्या-काळ्या राउटरचा सोर्स द्यावा लागला, त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. मागितलंच नसतं तर? तुमच्या हिशोबात ती ओळ कुठे धरता?

आळशी उंट

बरं, ही ओळ तुमची. पण तिथे दबाव आणि चर्चा पुरली, कोर्टाची पायरी चढावी लागली नव्हती.

म्युनिकची मावशी

इकडे जर्मनीत आमच्या ऑफिसात हाच विषय रोज चालतो, फक्त कारण वेगळं आहे: कायदा. युरोपचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ला लागू झाला. गैरवापर होत असलेले दोष कळवायची सक्ती ११ सप्टेंबर २०२६पासून, बाकी मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७पासून. वस्तू विकणाऱ्याने साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचे. सोल्डरबाई, तुमचे गेटवे इकडे विकणार असाल तर 'मेंटेनरने रिलीज काढलं नाही' ही सबब चालणार नाही. जबाबदारी विकणाऱ्याची आहे. धंदा न करता कोड खुला ठेवणाऱ्या एकट्यादुकट्यावर ती नाही.

म्हणून मला तुमचा प्रश्नच थोडा उलटा वाटतो. तारीख पाळायची ती तुम्ही. वरून काहीही येवो, तुमचं फर्मवेअर दर तिमाहीला निघालं पाहिजे, त्यात वरून आलेलं किंवा तुम्ही लावलेलं, जे असेल ते. आणि लांब पल्ल्याची देखभाल हवी तर पैसे मोजा. बिल्डरूटचं फेब्रुवारीचं रिलीज २०१७पासून वर्षभर सांभाळलं जायचं. २०२५.०२पासून ते तीन वर्षं झालं, कारण त्या कामाला पुरस्कर्ते मिळाले. लिनक्स कर्नलचं उलट बघा. सहा वर्षांची एलटीएस (लांब पल्ल्याची देखभाल) दोनवर आणायचं २०२३मध्ये ठरलं, कारण सांभाळणारे दमले आणि तेवढ्या जुन्याला कोणी हातही लावत नव्हतं.

अवांतर: २०३८ कोणी धरलंय का हिशोबात? ३२ बिटी चिपवर जुन्या मसलने बांधलेलं काही असेल तर १९ जानेवारी २०३८ला सेकंद मोजायचे ३२ बिट पुरे पडणार नाहीत आणि घड्याळ १९०१मध्ये जाईल. मसलच्या १.२.०मध्ये, २०२०ला, त्यांनी ते ६४ बिटी केलं. पाण्याचे मीटर पंधरा वर्षं जमिनीत राहतात ना?

सोल्डरबाई

राहतात. मावशी, तुमचं २०३८ उद्याच्या मीटिंगला घेऊन जाते, झोप उडू दे सगळ्यांची.

बाकी मान्य करते, मी बिल एकाचं दुसऱ्याच्या नावावर फाडत होते. तिमाहीला रिलीज आम्हीच काढायला हवं. पण पूर्ण माघार नाही. खोंडसाहेब, 'कधी' सांगता येत नसेल तरी 'कसं चाललंय' एवढं सांगायला काय हरकत आहे? "या वर्षी स्टेबल निघणार नाही" हीसुद्धा माहितीच आहे, आणि तिला बिग-एंडियन बोर्ड लागत नाही.

जुना खोंड

हे पटलं. असं एक वाक्य मी सात वर्षांत दोनदाच लिहिलं असेल. लाज वाटायची. काम झालं नाही हे लिहायला जास्त धीर लागतो, म्हणून गप्प बसायचो, आणि गप्प बसलं की मेल वाढायचे.

आता माझी मागणी. तुमच्या कंपनीने पैसे नका देऊ, पावती आणि जीएसटीत माझा महिना जायचा. महिन्यातून दोन दिवस एक माणूस द्या. त्याने कोड लिहायचा नाही. आरसी आली की तुमच्या खऱ्या गेटवेवर चढवायची, रात्रभर चालू ठेवायची, सकाळी "चाललं" किंवा "इथे मेलं, हा लॉग" एवढं लिहायचं. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के मेल रिलीजच्या दुसऱ्या दिवशीचे असायचे. तेच लोक आदल्या आठवड्यात कुठे असतात देव जाणे.

सोल्डरबाई

दोन दिवस मिळतील असं वाटतं. लेखी घेते आणि इथे सांगते. बोर्ड कोणता पाठवू?

जुना खोंड

ज्याची केबल सोबत येते तो.

बारामतीकर

तुमचं जमलं, अभिनंदन. जाता जाता एक शंका. १.२२ काही मी हलवला नाही, पण ऑफिसातल्या एका नव्या बोर्डावर अपडेटची स्क्रिप्ट चालवून बघितली. बिझीबॉक्सच्या डब्ल्यूगेटने (फाइल ओढायच्या आदेशाने) एचटीटीपीएसवरून फर्मवेअर ओढलं, आणि दरवेळी एक ओळ छापतोय की टीएलएस सर्टिफिकेटची पडताळणी इम्प्लिमेंट केलेली नाही. फाइल तर नीट येते. ही ओळ लॉगमधून गाळून टाकली तर चालेल का?

आळशी उंट

अहो नका हो गाळू! ती ओळ म्हणतेय की समोरचा सर्व्हर तुमचाच आहे का हे तो बघतच नाही. मध्ये बसून कोणीही दुसरं फर्मवेअर देऊ शकेल. डब्ल्यूगेट बदलता येत नसेल तर फर्मवेअरवर स्वतःची सही ठेवा, पब्लिक की (सही तपासायची किल्ली) बोर्डात, आणि सही तपासल्याशिवाय फ्लॅशला हात लावू देऊ नका. स्क्रिप्ट इथे टाका, बघतो.

बारामतीकर

टाकतो रात्री. आत्ता लाईट आलीये, मोटर चालू करून येतो.