पाकिटातला केक तीन महिने टिकतो कसा?

केतकी_डोंबिवली
रविवारी घरी रव्याचा केक केला, तिसऱ्या दिवशी डबा उघडते तर वर हिरवट बुरशी. जुलै आहे, आमच्याकडे सध्या चपलांनाही बुरशी येते ते सोडा. पण लेकाच्या डब्यासाठी आणलेला पाकिटातला एगलेस केक, मे महिन्याचं पॅकिंग, तो अजून मऊच, अंगठ्याने दाबला की परत वर येतो. मागचं वाचायला गेले तर अक्षर इतकं बारीक की फोटो काढून झूम करावा लागला. मैदा, साखर, पामतेल, दूध पावडर, मग ४२२, ४७१, ४७७, २०२, ५००, ४५०. हे काय पिनकोड आहेत का? कोणीतरी सांगा, मुलाला द्यावा की नाही.

तिखटमीठ
नका देऊ. नुसती केमिकलं. असल्या केकला मुंग्यासुद्धा लागत नाहीत, यावरूनच समजा काय ते.

भट्टीवाला
मुंग्यांचं माहीत नाही, पण मी अकरा वर्षं केकच्या प्लांटला काढलीत म्हणून लिहितो. केतकीताई, ५०० म्हणजे आपला खायचा सोडा. ४५० हे त्याच्या जोडीचं आम्ल, दोन्ही मिळून बेकिंग पावडर झाली, ती तुमच्याही रव्याच्या केकमध्ये असणार. ४२२ म्हणजे ग्लिसरीन, ते पाणी धरून ठेवतं म्हणून केक कोरडा पडत नाही. २०२ पोटॅशियम सॉर्बेट, हे मात्र खास बुरशीसाठीच. पावाच्या पाकिटावर बघा, तिथे बहुतेक २८२ दिसेल, कारण सॉर्बेट यीस्टलाही आडवं येतं आणि पावाचं पीठच फुगत नाही, केक सोड्यावर फुगतो त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही.

पण तीन महिने टिकतो तो एकट्या २०२ च्या जिवावर नाही. आजीचा मोरावळा आठवा, वर्षभर बरणीत राहायचा, त्यात कुठलं प्रिझर्वेटिव्ह होतं? साखर पाणी असं बांधून ठेवते की बुरशीला ते मिळतच नाही, पाकिटातल्या केकचं अर्धं गणित तेच. दुसरं म्हणजे भट्टीच्या आचेत बुरशी मरते, नंतर जी येते ती हवेतून, सुरीवरून, हातावरून. प्लांटमध्ये केक पूर्ण गार झाल्याशिवाय पॅकिंगला जातच नाही, आमच्याकडे यावरून शिफ्टमध्ये भांडणं व्हायची. कोमट भरला की आतून घाम सुटतो आणि ते थेंब केकवर पडतात. तुम्ही डब्यात कधी भरलात?

केतकी_डोंबिवली
कोमटच भरला काका 🙈 शेजारच्या काकू आल्या होत्या, घाईत झाकण लावलं. पण ४७१ चं राहिलं की, ते प्राण्यांच्या चरबीचं असतं म्हणतात ना?

ओव्हनमैत्रीण
मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, हे मी सांगते. ४७१ तेलापासूनही होतं आणि चरबीपासूनही, पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर वनस्पतीचंच. तेल आणि पाणी एकत्र धरायचं त्याचं काम. आम्ही जे केक जेल वापरतो त्यातही हीच मंडळी असतात, त्यामुळे "होममेड आहे, काही घातलेलं नाही" ऐकलं की मला हसू येतं. तेल खाल्लं की पचताना आपल्या पोटातही ४७१ सारखंच तयार होतं, त्याला कशाला घाबरायचं.

मी उलट यादीचं तोंड बघते. जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं, तुझ्या पाकिटावर मैदा, साखर, पामतेल हेच पहिले तीन आहेत. साखर किती लिहिलीय बघ ना, १०० ग्रॅमला ३० असेल तर ५० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे, आणि तेही मधल्या सुट्टीत. पामतेलात ट्रान्स फॅट जवळपास नसतं (२०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांच्या वर चालतही नाही), पण त्यातली निम्मी चरबी सॅच्युरेटेड. आणि टुटीफ्रुटीवाला असेल तर रंग बघ. ती असते कच्ची पपई, लाल-पिवळी सगळी रंगाने केलेली. १०२, ११०, १२२ असले आकडे असतील तर युरोपात २०१० पासून मुलांच्या एकाग्रतेबद्दल इशारा छापावा लागतो, आपल्याकडे मर्यादेत चालतात. मी माझ्या मुलीला तो नाही देत, साधा कधीतरी देते.

तिखटमीठ
आणि पावात ते कॅन्सरवालं सापडलं होतं ते?

भट्टीवाला
पोटॅशियम ब्रोमेट. २०१६ ला एफएसएसएआयने बंद केलं. ते पिठासाठी होतं, ताईंच्या यादीत नाहीये.

केतकी_डोंबिवली
साखर ३२ निघाली 😐 रोजचा बंद, शनिवारी एक असं ठरलंय, लेक रुसलाय. आणि तिखटमीठ, तुमच्यासाठी मुद्दाम एक तुकडा ओट्यावर उघडा ठेवला होता, चार दिवस बघायचं म्हणून. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग पार गॅसच्या शेगडीपर्यंत. सासूबाईंनी प्रयोग कचऱ्यात टाकला.