ठेकेदाराची पोरं धरून वीसच्या वर जातोय, पीएफ लागतो का?

मशीनशॉप_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे, आपली १४ माणसं, त्यात नवीन ऑर्डरमुळे या महिन्यात ठेकेदाराकडून ८ घेतलीत. ईएसआय (कामगार विमा) आहे, पीएफ नाही. एक जण म्हणतोय बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढा आणि निम्मी माणसं तिकडे दाखवा. मला ते पटत नाहीये, पण नियम नक्की काय आहे ते जाणकारांनी सांगा प्लीज.

पेरोलवाला
ठेकेदाराची माणसंसुद्धा मोजायची, म्हणजे तुम्ही २२, पीएफ लागू झाला. दोन फर्मचा नाद सोडा. शेड एक, मशीन त्याच, मालक घरातलेच, असं दिसलं की दोन्ही क्लब करतात, म्हणजे एकच फर्म धरतात, आणि मागच्या तारखेपासून व्याज-दंडासकट वसूल करतात. आणि नंतर माणसं कमी होऊन १५ वर आली तरी पीएफ बंद नाही करता येत. बेसिक-डीएवर (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) १२ टक्के त्यांचे, १२ तुमचे, १५ तारखेच्या आत भरायचे. तुमचे १२ त्यांच्या पगारातून कापायचे नाहीत, हे बरेच जण सर्रास करतात आणि ते साफ चुकीचं आहे.

चाकणचा_फिटर
सर मी कामगार आहे म्हणून लिहितो. आधी ठेकेदाराकडे होतो, पगारातून पीएफ कापायचा, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागितला की पुढच्या महिन्यात देतो म्हणायचा. शेवटी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडलं तर कितीतरी महिने भरलेलेच नाहीत, बहिणीच्या लग्नाला पैसे काढायचे होते ते राहिले. कंपनीच्या मालकाला यातलं काही माहीतच नव्हतं. तुम्ही त्या ८ पोरांना पासबुक बघायला शिकवा, एवढं तरी कराच.

एचआर_पिंपरी
फिटरभाऊंचं अगदी बरोबर. ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं पीएफ भरल्याचं चलन आणि ईसीआर (कुणाचा किती पीएफ भरला त्याची महिन्याची यादी) मागा, ईसीआरमध्ये नावं असतात ती तुमच्या हजेरीशी जुळवा. त्याने नाही भरलं तर ते तुमच्याच गळ्यात येतं. ईएसआयचंही तसंच, उद्या प्रेसवर कुणाचं बोट गेलं तर रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के तिथूनच मिळतात. आणि ऑर्डर मोठी आहे म्हणजे ओव्हरटाइम आलाच, तो डबल रेटने द्या.

मशीनशॉप_भोसरी
खूप आभार, रजिस्ट्रेशन करतोय. पण दोघं म्हणतात आम्हाला नको पीएफ, हातात पगार कमी येतो. त्यांचं काय करू?

पेरोलवाला
बेसिक-डीए १५,००० पर्यंत असेल तर नको म्हणता येत नाही. पण नुसतं जबरदस्ती करू नका, बसवून समजावा. यातूनच पेन्शन आहे, आणि नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा, त्याचा हप्ता मालकच भरतो. नॉमिनी मात्र त्याच दिवशी भरून घ्या, बहुतेकांचा तो रिकामाच असतो.