घरच्या साबणाचा सुवास टिकत का नाही? (इंदूर, बोरिंगचं पाणी)

नारळीभात:
मंडळी, थंड पद्धतीच्या साबणाबद्दल विचारायचं आहे, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि तेलं, बाहेरून आच न देता. वड्या कडक होतात, फेसही चांगला येतो, पण वासाचं काही जमत नाही. संत्र्याच्या तेलाचा साबण कापताना घमघमतो आणि पाचव्या आठवड्यात नाकाला लावला तरी ओळखू येत नाही. मोगऱ्याचं अत्तर घातल्याबरोबर सगळं मिश्रण पातेल्यातच गोळा होतं, मग चमच्याने दाबून साच्यात भरावं लागतं. उटण्याची पूड घातलेला साबण तपकिरी होतो, अंगाला टोचतो आणि वास फक्त वाळक्या गवताचा येतो.

प्रमाण असं: खोबरेल १५० ग्रॅम, पामोलिन १५०, राइस ब्रान १००, कोकम तेल ५०, एरंडेल ५०, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम. कॉस्टिक ७१ ग्रॅम, पाणी १४२ ग्रॅम, सुवास १५ ग्रॅम. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी नातेवाइकांना द्यायचे आहेत आणि त्यातल्या निम्म्या घरांत बोरिंगचं पाणी आहे. पावसाळ्यात वड्यांवर थेंब जमतात तेही थांबवायचं आहे. यात नेमकं काय बदलू?

वाळा:
ताई, प्रमाण ठीक आहे. खोबरेलाला दर ग्रॅमला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, पामोलिनला ०.१४२, राइस ब्रानला ०.१३३, कोकमाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८. बेरीज ७५.२ होते. तुम्ही ७१ घेता, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के तेल साबणात मोकळं राहतं. अंगाच्या साबणाला तेवढं हवंच. पण पाकिटावर शुद्धता बघत जा, आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला असेल तर तो सोडा वापरू नका. तो हवेतली ओल धरतो, मग ७१ ग्रॅममध्ये सोडा कमी आणि पाणी जास्त भरतं.

आता वासाचं. बाजारातल्या वडीत सुवास शेवटी पडतो. आधी साबण पूर्ण तयार होतो, त्याचे वाळलेले तुकडे रुळांमधून दळले जातात आणि तेव्हा त्यात सुगंध मिसळतात. म्हणजे कच्च्या कॉस्टिकची आणि सुगंधाची भेटच होत नाही. आपल्या थंड पद्धतीत सुवास थेट कच्च्या मिश्रणात पडतो आणि पुढचा अख्खा दिवस त्या क्षारात, उष्णतेत काढतो. त्यातून जे तरतं तेवढंच आपल्या वाट्याला येतं. म्हणून बाटलीतला वास बघून तेल निवडायचं नाही, क्षारातून काय बाहेर येईल ते बघून निवडायचं.

संत्रं आणि लिंबू यांत बहुतांश लिमोनिन असतं. ते फार हलकं, वडी वाळताना पाण्याबरोबर तेही उडून जातं. दुप्पट घातलं तरी दोनतीन आठवडेच जास्त मिळतात. टिकणारी तेलं जड असतात: वाळा, पाच (बाटलीवर पॅचौली लिहिलेलं असतं), नागरमोथा, देवदार. मधल्या वजनात गवती चहाचं तेल उत्तम. त्याचा लिंबासारखा वास क्षारात पुष्कळ टिकतो, फक्त साबण पिवळसर होतो. संत्र्याचीच हौस असेल तर १५ ग्रॅममध्ये गवती चहा ६, संत्रं ६ आणि पाच ३ ग्रॅम घ्या. संत्रं पुढे जाईल, पण गवती चहा त्याची जागा धरून ठेवेल आणि पाच दोघांना आवर घालेल.

आणि एक तेल आपल्याकडे दुर्लक्षित राहतं, रोशाचं. रोशा गवत, ज्याला तिखाडीही म्हणतात, त्याचं तेल आपल्या शेजारच्या निमाडात आणि पलीकडे खानदेशात पूर्वीपासून ऊर्ध्वपातन करून काढलं जातं. त्यात बहुतांश जिरॅनिऑल असतं, गुलाबातही तोच घटक. गुलाबाचं तेल साबणात घालणं खिशाला झेपणारं नाही, रोशाचं झेपतं आणि क्षारातही बऱ्यापैकी तग धरतं. रोशा ९, पाच ३, संत्रं २, लवंग १ ग्रॅम असं करून बघा. कोरड्या वडीला साधा गवताळ गुलाबाचा वास येतो. तीच वडी थंडीतल्या सकाळी कढत पाण्यात ओली झाली की वाफेबरोबर गुलाब वर येतो आणि टॉवेलने अंग पुसताना खाली पाचेचा वास राहतो. घरच्या साबणाची खरी मजा त्या दहा मिनिटांत आहे, कोरडी वडी हुंगण्यात नाही.

लवंगेचं तेल १ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. त्यातलं युजेनॉल मिश्रण झपाट्याने घट्ट करतं आणि जास्त झालं तर नाजूक कातडीला चुरचुरतं. दालचिनीचं तेल तर टाळाच.

तेलघाणा:
मोगऱ्याचं उत्तर मी देतो. गोळा होण्याची दोन कारणं आहेत. एक, फुलांचे बरेच सुगंध मुळातच मिश्रण लवकर आवळतात. दोन, अत्तर. जुन्या पद्धतीचं अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवलेलं असतं. स्वस्त बाटलीत मात्र डीईपी (डायइथाइल थॅलेट, सुगंध पातळ करायचं रसायन) किंवा लिक्विड पॅराफिन मिसळलेलं सापडतं, कधी स्पिरिटही. स्पिरिटचा अंश असला की मिश्रण क्षणात आवळतं. पॅराफिनचा साबण होतच नाही, ते वडीत तसंच राहतं. अगरबत्तीचा सेंट तर अंगाच्या साबणात अजिबात नको, तो कातडीसाठी बनवलेला नसतो. साबणासाठी म्हणून विकला जाणारा सुगंध घ्या आणि पहिल्यांदा १०० ग्रॅम तेलाचाच घाणा करून बघा.

कृती अशी बदला. कॉस्टिकचं पाणी आणि तेलं दोन्ही ३८ ते ४० अंशांवर येऊ द्या. त्याहून थंड झालं तर कोकम तेल गोठायला लागतं आणि मिश्रण घट्ट झाल्याचा खोटा भास होतो. वजन केलेल्या तेलातलंच ५० ग्रॅम बाजूला काढून त्यात सुगंध आधी कालवा. बाकीच्या तेलात कॉस्टिकचं पाणी घालून हँड ब्लेंडर पाचपाच सेकंद फिरवा, मध्ये हाताने ढवळा. पातळ कढीसारखं दिसलं की ब्लेंडर बाजूला ठेवा. चमच्यातून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसून बुडते, ती वेळ. आता सुगंधाचं तेल घाला आणि फक्त उलथन्याने ढवळा. तुम्ही बहुधा पिठल्याइतकं घट्ट होईपर्यंत ब्लेंडर चालवता आणि मग सुगंध घालता, त्यामुळे साच्यात ओतायला वेळच उरत नाही.

तरीही गोळा झालाच तर फेकू नका. स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, झाकण घाला, दर १५ मिनिटांनी ढवळा. तासाभरात सगळं शिजलेल्या साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक होतं. मग साच्यात ठोकून भरा. वडी ओबडधोबड दिसेल, वापरायला चांगली असते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीजवळ, हातमोजे आणि चष्मा घालून करा. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर धुतधुतच दवाखाना गाठा.

वस्त्रगाळ:
उटण्याबद्दल. नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, चंदन यांची पूड क्षारात तपकिरी होणारच, त्याला इलाज नाही. पुडीतला सुवास मुळातच थोडा असतो, तो वडीच्या आत कोंडून राहतो. वास हवा असेल तर नागरमोथ्याचं आणि वाळ्याचं तेल घाला, पूड फक्त रंगापुरती. तीही ५०० ग्रॅम तेलाला ५ ग्रॅम, मलमलीतून वस्त्रगाळ केलेली. पिठाच्या चाळणीने भागत नाही. वाळ्याच्या मुळाचा बारीक तंतू चाळणीतून सुटतो आणि तोच अंगाला टोचतो.

सुवास धरून ठेवायला पांढरी केओलिन माती कामाची आहे. १५ ग्रॅम सुगंधात एक छोटा चमचा माती कालवून पाच मिनिटं मुरू द्या, मग वापरा. मुलतानी मातीही चालते, पण तिचा रंग उतरतो.

साच्यावर गोधडी टाकता का? कडक उन्हाळ्यात तरी टाकू नका. आतली उष्णता वाढली की वडी मधे तडकते आणि हलके वास तेव्हाच उडतात.

नाजूक सुगंधांसाठी दुसरी वाट आहे, किसून पुन्हा लावण्याची. दोन आठवड्यांचा बिनवासाचा साबण किसायचा, ५०० ग्रॅम किसाला ५०-६० ग्रॅम पाणी घालायचं आणि पाण्याच्या पातेल्यावर तास-दीड तास मऊ करायचा. ६५-७० अंशांवर उतरला की ८ ते १० ग्रॅम सुगंध. इथे कच्चं कॉस्टिक उरलेलं नसतं म्हणून मोगरा वाचतो. वडी गुळगुळीत होत नाही आणि पुन्हा तीन-चार आठवडे वाळवावी लागते, पण मोगरा मोगऱ्यासारखा लागतो. माझ्या मते मोगऱ्यासाठी एवढे कष्ट घेण्यासारखे आहेत, संत्र्यासाठी नाहीत.

काळी_माती:
आता पाणी. माळव्यातल्या काळ्या पाषाणाच्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा पांढरा थर होतो, बादलीच्या कडेला जमतो तोच. फेस कमी येतो, केस चिकट लागतात आणि सुवासही त्या थराबरोबर वाहून जातो. नर्मदेच्या नळाला आणि बोरिंगला एकच वडी वेगळी लागते, त्यात वडीचा दोष नाही.

उपाय सायट्रिक ॲसिड. सियागंजात किराणावाल्याकडे लिंबूसत म्हणून सुटं मिळतं. ५०० ग्रॅम तेलाला ७ ग्रॅम, आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं. कॉस्टिकशी मिळून त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते पाण्यातल्या कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवतं. राइस ब्रानमुळे वडीवर पुढेमागे जे खवट नारिंगी ठिपके पडतात तेही यामुळे लांबतात. कॉस्टिक विरघळवायला मात्र डिस्टिल्ड वॉटर घ्या, बोरिंगचं पाणी नको.

थेंबांचं कारण ग्लिसरीन. कारखान्यात ते बहुधा वेगळं काढून विकतात, घरच्या वडीत ते सगळं राहतं आणि दमट हवेतली ओल ओढतं. साबण खराब झालेला नसतो. पंख्याखाली जाळीवर ठेवा, थेंब पुसत बसू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, बटर पेपर किंवा सुती कापड घ्या.

दिवाळीसाठी हिशोब सोपा आहे. अधिक महिना मध्ये नसेल तर अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत साधारण ४४ दिवस मिळतात, म्हणजे सहा आठवडे नीट वाळवण होते. बाप्पाला निरोप दिला की दुसऱ्या दिवशी साबण बनवा. श्रावणातल्या सरींत वाळवायला ठेवलेल्या वड्या नुसत्या ओल धरतात.

हिरवी_पाच:
वापराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. अभ्यंगाला तेल लावून थेट साबण फिरवला तर फेसच येत नाही. आधी उटणं लावून तेल शोषू द्या, धुवा, मग साबण. साबणदाणी जाळीची हवी, आणि दोन वड्या आलटूनपालटून वापरल्या तर दोन्ही जास्त दिवस जातात. सपाट डबीत पाण्यात बसलेली घरची वडी पंधरवड्यात चिखल होते.

वाळवणीच्या सहा आठवड्यांत वड्या कपड्यांच्या कपाटात ठेवायचा मोह होतो, पण तेव्हा नको. त्यांना हवा लागते आणि तेल कापडाला डागतं. वाळल्यावर मलमलीत बांधून चादरी-टॉवेलांच्या घडीत ठेवा. पाच आणि वाळा तिथे महिनोन् महिने दरवळतात. माहेश्वरी किंवा पैठणीशेजारी मात्र ठेवू नका आणि रेशीम या साबणाने धुऊही नका. खरा साबण क्षारीय असतो, सामू ९ ते १० च्या आसपास. रेशमाला तो सोसत नाही, तिथे रिठाच बरा.

उरलेले पापुद्रे वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत भरून दोरीने बांधा, पाठ घासायला छान. गवती चहाच्या साबणाचे तुकडे स्वयंपाकघराच्या बेसिनपाशी ठेवा. ओल्या हाताला चिमूटभर कॉफी पूड घेऊन त्यावर साबण चोळला की लसणीचा वास निघतो.

नारळीभात:
सगळ्यांचे मनापासून आभार. रोशाचं तेल शोधते. काळी_माती, लिंबूसत ७ ग्रॅम घातलं तर कॉस्टिक ७१ च ठेवायचं ना?

काळी_माती:
नाही, तेच लिहायचं राहिलं होतं, बरं झालं विचारलंत. १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड ६.२ ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणजे ७ ग्रॅमला सुमारे ४.४. कॉस्टिक ७५.४ ग्रॅम घ्या, पाणी १५० पर्यंत चालेल. ७१ वरच ठेवलंत तर जवळजवळ ११ टक्के तेल मोकळं राहील, वडी मऊ पडेल आणि फाल्गुनापर्यंत खवट होईल. काटा एक दशांश ग्रॅम दाखवणारा घ्या. आणि हा बदल फक्त लिंबूसत घातलेल्या घाण्यासाठी. साध्या घाण्याला चुकून ७५.४ पडलं तर मोकळं तेल उरतच नाही, कॉस्टिकच जास्त होतं. ती वडी अंगाला लावू नका.