मदत हवी आहे : सीबीआय कायदा मंत्रालयाखाली का नाही, हे लेकरांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. परभणीत एका अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यशास्त्र शिकवतो. सध्या कोणती सरकारी यंत्रणा कुणाच्या हाताखाली, या तक्त्यावर गाडी अडली आहे.

अमेरिकेचा तक्ता सोपा. न्याय विभाग १८७० चा, प्रमुख अॅटर्नी जनरल, तोच मंत्रिमंडळात. एफबीआय, अमली पदार्थविरोधी यंत्रणा, मार्शल, केंद्रीय तुरुंग, सगळे त्याच्याच हाताखाली. वरून खाली सरळ बाण.

आपल्याकडं फळ्यावर बाणांचा नुसता गुंता. विधी व न्याय मंत्रालयात तीन विभाग : विधी कार्य, विधायी आणि न्याय. त्यात तपास यंत्रणा एकही नाही. सीबीआय कार्मिक मंत्रालयाकडं, तीही १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याच्या जोरावर. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) गृह मंत्रालयाची, ईडी अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाची. तुरुंग राज्याचे. महान्यायवादी (आपले अॅटर्नी जनरल) राज्यघटनेच्या अनुच्छेद ७६ नुसार सरकारचे वकील, मंत्री नाहीत. (पोरं दर वेळी त्यांनाच कायदामंत्री करतात!)

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, सीबीआयच्या खटल्यात उभा राहणारा सरकारी वकील मग नेमका कुणाचा माणूस?" प्रश्न लाखाचा आहे.

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगर खंडपीठात वकिली करणारं कुणी असेल तर या सरकारी वकिलाची नेमणूक, पगार आणि वरिष्ठ कोण, एवढं उलगडून सांगा. मराठीत छापलेला तक्ता असेल तर फोटो टाका, पोरांना झेरॉक्स देतो.