घरी केलेली सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइल: ठिणगी दोनच सेंटिमीटर, मॉसफेट मात्र जळतात

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी घरी टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत ठिणग्या सोडणारा उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर, करीत आहे. ती हाफ-ब्रिज पद्धतीची आहे, म्हणजे दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आळीपाळीने चालू-बंद होऊन तिला चालवितात. सेकंडरी (उच्च दाबाची गुंडाळी) ७५ मिमी बाह्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ३० गेज इनॅमल तारेने गुंडाळली असून ३०० मिमी उंचीत सुमारे ८३० वेढे बसले आहेत. वर २०० मिमी व्यासाचे, ५० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम डक्टचे कडे आहे. प्रायमरीचे (मॉसफेटकडून प्रवाह मिळणाऱ्या गुंडाळीचे) आठ वेढे तळाशी आहेत. दोन आयआरएफपी ४६० मॉसफेट, त्यांना चालविणारे यूसीसी २७३२१ व २७३२२ हे ड्रायव्हर, कॉइलची वारंवारता ड्रायव्हरला कळविणाऱ्या फीडबॅकसाठी ॲन्टेना आणि ७४एचसी१४, शिवाय कॉइल थांबून-थांबून चालविणारा ५५५ टायमरचा इंटरप्टर, अशी रचना आहे. मॉसफेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) सिग्नल देणाऱ्या गेट ट्रान्सफॉर्मरसाठी जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमधील (पॉवर सप्लायमधील) पिवळे कडे वापरले असून त्यावर बारा-बारा वेढ्यांची तीन गुंडाळणी आहेत. सेकंडरीचे खालचे टोक मी भिंतीवरील सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला, म्हणजे घराच्या अर्थिंगलाच जोडले आहे.

प्रवाहाला मर्यादा राहावी म्हणून सिरीज बल्ब लावून डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) १०० व्होल्टपर्यंत नेला, तर जेमतेम दोन सेंटिमीटर ठिणगी मिळते आणि तेवढ्यात मॉसफेट हाताला चटका बसेल इतके तापतात. बल्ब काढून १५० व्होल्टला नेले, तेव्हा एक जोडी फुटली. बऱ्याचदा ॲन्टेनाजवळ हात नेल्याखेरीज कॉइल सुरूच होत नाही. याहून चिंतेची गोष्ट म्हणजे कॉइल चालू असताना शेजारच्या खोलीतील बंद एलईडी दिवे लुकलुकतात, आणि परवा सेट-टॉप बॉक्स कायमचा बंद पडला. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही घराची अर्थिंगची पाटी नव्याने बसविली होती, त्यामुळे अर्थिंग चांगली आहे असे मी धरून चाललो होतो. आधी काय दुरुस्त करावे, ड्राइव्ह, ट्यूनिंग की अर्थिंग?

मोटर-वाइंडिंगवाला (मिरज)

आपल्या वर्णनातील एक शब्द वाचूनच मॉसफेट का तापतात ते कळले. तो शब्द म्हणजे "पिवळे कडे". संगणकाच्या एसएमपीएसमधील पिवळे-पांढरे कडे लोखंडी भुकटीचे असते. ते डीसी प्रवाह वाहणाऱ्या चोकसाठी (प्रवाहातील चढउतार अडवणाऱ्या गुंडाळीसाठी) केलेले असून त्याची पारगम्यता (चुंबकित होण्याची क्षमता) सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास असते. गेट ट्रान्सफॉर्मरला दोन हजारांच्या पुढची पारगम्यता असलेले फेराइट लागते. बारा वेढ्यांत पिवळ्या कड्याचे इंडक्टन्स इतके कमी पडते, की ड्रायव्हरची सारी ताकद कडे चुंबकित करण्यातच जाते, गेटवरील चौकोनी लहरीचा माथा उतरता होतो आणि मॉसफेट पुरता चालूही नाही, बंदही नाही, अशा मधल्या अवस्थेत रेंगाळून तापतो. त्याच एसएमपीएसच्या इनपुटला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, कॉमन-मोड चोक असतो. त्याचे कडे फेराइटचे असते, ते काढून घ्या. लॅन केबलमधील तीन तारा एकत्र पिळून दहा-बारा वेढे द्या.

गुंडाळल्यावर वरच्या पुरवठ्याला हात लावू नका. फक्त ड्रायव्हर चालू करून ऑसिलोस्कोपवर दोन्ही गेट पाहा. एक वर असताना दुसरा खाली असायलाच हवा. दोन्ही एकाच वेळी वर जात असतील, तर एका गुंडाळणीची टोके उलटली आहेत आणि पुरवठा देताच दोन्ही मॉसफेट एकदम वाहून फुटतील. गेटची सहनशक्ती २० व्होल्टच असते, म्हणून प्रत्येक गेटवर पाठीला पाठ लावलेले १८ व्होल्टचे झेनर (ठराविक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारे डायोड) आणि पाचेक ओहमचा रोधक असू द्या. मॉसफेटची निवड मात्र योग्य आहे. २३० व्होल्ट रेक्टिफाय केल्यावर ३२५ होतात आणि आयआरएफपी ४६० हा ५०० व्होल्टचा भाग आहे. स्वस्त मिळतो म्हणून आयआरएफपी २६० घेणारे मी पाहिले आहेत, तो २०० व्होल्टचा आहे.

आता ॲन्टेनाजवळ हात नेण्याविषयी. आपला हात ॲन्टेनाची धारिता (कॅपॅसिटन्स) वाढवतो आणि अपुरा सिग्नल पुरेसा होतो, इतकेच. ॲन्टेना लांब करून भागेल, परंतु माझ्या मते तिला निरोपच द्यावा. सेकंडरीच्या तळाची तार एका फेराइट कड्यातून एकदा ओवून त्या कड्यावर पन्नासेक वेढ्यांचा करंट ट्रान्सफॉर्मर (तारेतील प्रवाहावरून फीडबॅक देणारा) केला, तर खोलीत कोण कुठे उभे आहे यावर कॉइल अवलंबून राहत नाही. तो लावल्यावर कॉइल मुळीच सुरू झाली नाही, तर त्याची दोन टोके उलटून पाहा.

निवृत्त तंत्रज्ञ (सातारा)

मिरजकरांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र सेट-टॉप बॉक्स गेट ट्रान्सफॉर्मरने मेलेला नाही. आपली अर्थिंग ५० हर्ट्झला उत्तम असेलही, पण ४०० किलोहर्ट्झला ती अर्थिंगच नव्हे.

हिशेब करून पाहा. आपल्या मापांवरून सेकंडरीचे इंडक्टन्स साडेअकरा मिलिहेन्रीच्या आसपास येते. तिची स्वतःची धारिता पाचेक पिकोफॅरड आणि कड्याची आठेक, म्हणजे अनुनादाची (कॉइल स्वतःहून ज्या वेगाने डोलते त्याची) वारंवारता सुमारे ४१० किलोहर्ट्झ. कडे काढले, तर हीच कॉइल ६५० च्या घरात जाईल. घरातील अर्थिंगची हिरवी तार सॉकेटपासून पाटीपर्यंत दहा-बारा मीटर फिरत जाते आणि तारेचे इंडक्टन्स मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरतात. ४१० किलोहर्ट्झला त्या तारेचाच अडथळा तीस ओहमच्या आसपास होतो, मग पाटीखाली कितीही मीठ-कोळसा घातलेला असो. कॉइलच्या तळातून तीन अँपिअर वाहिले, तर सॉकेटची तिसरी पिन नव्वद व्होल्टने उसळते, आणि त्या पिनेला घरातील प्रत्येक उपकरण बांधलेले आहे. सेट-टॉप बॉक्स मेला आणि फ्रिज वाचला, यात नशिबाचा भाग मोठा.

लोक अर्थिंगला केवळ सुरक्षेची गोष्ट मानतात. टेस्ला कॉइलमध्ये ती मंडलाची अर्धी बाजू आहे. वरच्या कड्यातून हवेमार्फत जमिनीकडे गेलेला प्रवाह सेकंडरीच्या तळाशी परत यायला वाट हवी, आणि ती वाट जितकी आखूड व रुंद, तितकी ठिणगी लांब. आपल्या दोन सेंटिमीटरचे निम्मे कारण येथे आहे.

कंपाउंडजवळ दोन-अडीच मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोका. सांगलीच्या काळ्या मातीत हे काम सोपे आहे, आमच्या साताऱ्यात मुरूम लागला की घण मोडायची पाळी येते. परंतु काळी माती उन्हाळ्यात भेगाळून रॉडपासून सुटते, म्हणून तेथे ओल राहील अशी जागा निवडा. रॉडपासून कॉइलपर्यंत गोल तार न नेता तांब्याची पट्टी न्या. या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या बाहेरच्या सुमारे एक दशांश मिलिमीटर थरातूनच जातो, तेव्हा जाडीपेक्षा पृष्ठभाग मोलाचा. कॉइल वरच्या मजल्यावर असेल, तर रॉडचा नाद सोडा आणि कॉइलखाली दीड-दोन मीटर लांबी-रुंदीची कोंबडीची जाळी अंथरून सेकंडरीचा तळ तिला जोडा. जाळी व कडे यांच्यातली धारिताच परतीची वाट होते. माझा अनुभव असा, की रॉड आणि जाळी दोन्ही असतील तर उत्तम, आणि एकच करणे शक्य असेल तर जाळी.

हीट-सिंक आणि पेटी मात्र घराच्या अर्थिंगलाच राहू द्या. ठिणगी प्रायमरीवर कोसळली, तर मेनचा प्रवाह रॉडमार्फत जमिनीत जाईल. रॉडचा रोध चाळीस ओहम असला तर तो प्रवाह सहा अँपिअरही होत नाही आणि फ्यूज शांत बसून राहतो. म्हणून पुरवठ्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीत प्रवाह गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. तपासणीसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनपासून मंडल वेगळे करणारा) लावाल तेव्हा त्याच्या पलीकडे ती आरसीसीबी काहीच पाहू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि तो ट्रान्सफॉर्मर नसताना ऑसिलोस्कोपची अर्थ-क्लिप हाफ-ब्रिजला लावू नका.

पलूसचा वाचक

एकच भर घालतो. ३२५ व्होल्टला भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये पंचवीस जूल उरतात, स्विच बंद केल्यावरही. ४७ किलोओहमचा पाच वॅटचा रोधक कायम जोडून ठेवा आणि दोन मिनिटे थांबूनच, मीटरने खात्री करून हात घाला. "उच्च वारंवारतेचा शॉक लागत नाही" असे सांगून ठिणगी हातावर घेणाऱ्यांचे व्हिडिओ पाहू नका. तो जाणवत नाही, कारण मज्जातंतू इतक्या वेगाला प्रतिसाद देत नाहीत. कातडीखालचे मांस मात्र भाजते. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊच देऊ नका.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिरजकर काका, कॉमन-मोड चोकचे कडे वापरल्यावर गेटची लहर सपाट माथ्याची झाली आणि शंभर व्होल्टला मॉसफेट कोमटसुद्धा होत नाहीत. करंट ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा उलटाच लागला होता. रॉड अजून ठोकलेला नाही, फक्त जाळी अंथरली आहे. पूर्ण पुरवठ्यावर ठिणगी सतरा सेंटिमीटर मिळाली आणि शेजारच्या खोलीतील दिवे शांत आहेत.

दोन शंका उरल्या. प्रायमरी दोन सेंटिमीटर वर सरकवली, तेव्हा सेकंडरीच्या अंगावरून बारीक ठिणग्या पळू लागल्या. हे ट्यूनिंग चुकल्याचे लक्षण का? दुसरे, कॉइल चालू असताना आजोबांच्या रेडिओवर आकाशवाणीचे सांगली केंद्र पूर्ण बुडते.

निवृत्त तंत्रज्ञ (सातारा)

पहिली शंका ट्यूनिंगची नाही, कपलिंगची (प्रायमरी व सेकंडरी यांच्या चुंबकीय जवळिकीची) आहे. फीडबॅक असलेली कॉइल आपली वारंवारता स्वतःच शोधते. ठिणगी वाढली की धारिता वाढून वारंवारता उतरते आणि ड्रायव्हर तिच्यामागे जातो, त्यामुळे आपल्या हाती ट्यूनिंग असे फारसे उरत नाही. उरतो तो ड्रायव्हरचा विलंब: ४०० किलोहर्ट्झला शंभर नॅनोसेकंद म्हणजे चौदा अंशांचा कलाफरक, आणि तेवढा मॉसफेट तापवायला पुरतो. प्रायमरी पुन्हा खाली घ्या. पळत्या ठिणग्यांनी सेकंडरीचे इनॅमल एकदा जळले, की सगळी गुंडाळणी नव्याने करावी लागते.

रेडिओचे कारण मजेशीर आहे. हाफ-ब्रिजच्या चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेचे विषम गुणित (तिप्पट, पाचपट अशा वारंवारता) असतात, आणि ४१० ची तिप्पट १२३० होते. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर आहे. कडे किंचित मोठे घेतले तर ती तिप्पट आणखी खाली सरकेल, पण इंटरप्टरमुळे सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतोच, तेव्हा संपूर्ण सुटका होणार नाही. तोवर आजोबांच्या बातम्या संपल्यावर कॉइल लावा.